धामणीचं पारणं

दिवाळी सरून महिना झाला की आमच्या खानदेशात संध्याकाळी एक वेगळाच धूर निघतो. कपाशीच्या वाळल्या काड्या पेटवून त्यांच्यावर हातभर लांबीची पोपटी वांगी भाजतात, त्याचा तो धूर. साल करपते, आतला गर मऊ होतो, मग त्यात ठेचलेल्या हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे. भरिताचा हंगाम. या दिवसांत जळगाव-धुळ्याकडच्या माणसाला घरचं ताट गोड लागत नाही. शेतात, विहिरीजवळ, जागा मिळेल तिथे पंगती बसतात आणि माणसं एकमेकांना आग्रह करकरून वाढतात. कुणी ‘पुरे’ म्हटलं तर वाढणाऱ्याला राग येतो.

यंदाही बोलावणं आलं. सोनगीरच्या अलीकडे माझ्या मुलाच्या मित्राचं शेत आहे. मला खुर्ची दिली, खांद्यावर शाल टाकली, “नाना, पहिलं ताट तुमचं,” म्हणाले. मी जेवलो, चांगलं जेवलो. पण तो धूर नाकात शिरला की मला जेवणाऱ्या माणसांआधी एक न जेवणारा जीव आठवतो. लाकडी खोक्यात वेटोळं घालून पडलेली एक धामण. तिच्या तोंडी एक घास जावा म्हणून मी एक अख्खा हिवाळा घालवला, आणि ती काही न खाता गेली.

अडुसष्ट साल सरत आलं होतं. मी नुकताच बी.एस्सी. झालो होतो. धरणगावजवळच्या आमच्या खेड्यात, आमच्या सगळ्या भावकीत पदवी घेतलेला पहिलाच. जळगावच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर म्हणून तात्पुरती जागा मिळाली आणि एका मारवाडी जैन घरात मागची खोली भाड्यानं मिळाली. पुढे धान्याचं दुकान, त्यात मुलगा बसायचा. मागे घर, त्यात त्याची म्हातारी आई. सगळे त्यांना बाईजी म्हणत. खोली देताना त्यांनी नियम सांगितले: अंडं आणायचं नाही, कांदा-लसूण नाही, दिवा लागल्यावर जेवायचं नाही. जळगावात त्याआधी जिथं जिथं खोली पाहिली तिथं पहिला प्रश्न आडनावाचा होता. बाईजींनी आडनाव विचारलंच नाही. ते मी आजही विसरलेलो नाही.

त्या वर्षी बाईजींचं वर्षीतप चालू होतं. एक दिवस कडक उपास, एक दिवस जेवण, असं वर्षभर. शेवटी अक्षय्य तृतीयेला उसाचा रस घेऊन पारणं. उपासानं त्यांचा चेहरा वाळल्या पानासारखा झाला होता, पण कामात खंड नव्हता. सरपणातलं प्रत्येक लाकूड त्या आधी जमिनीवर हलकेच आपटायच्या, आत मुंगी-किडा असेल तर निघून जावा म्हणून. आणि चुलीजवळून उठायचं झालं, अगदी दारात भाजीवाली आली तरी, निखारे राखेत दाबून वर तवा पालथा घालायच्या. “उघडा विस्तव म्हणजे उघडी विहीर,” म्हणायच्या. “कोण जीव कधी पडेल, सांगता येतं का?”

धामण आली ती कापसातून. एका जिनिंगच्या आवारात कापसाचा ढीग उपसताना मजुराच्या दाताळ्याचा दात तिच्या पाठीत घुसला. लोक काठ्या घेऊन धावले. आमचे विभागप्रमुख तिथून जात होते. त्यांना आम्ही नुसतं सर म्हणत असू. सरांनी तिला पोत्यात घालून कॉलेजात आणलं. पुरुषभर लांब, पिवळसर करडी, मोठ्या गोल डोळ्यांची बिनविषारी धामण. जखम खोल होती. सर म्हणाले, “होळीपर्यंत जगव. ऊन तापलं की शेतात सोडून देऊ. उंदीर खाणारं जनावर आहे, शेतकऱ्याचा मित्र.”

प्रयोगशाळा उत्तरेकडे तोंड करून, दगडी. डिसेंबरात तिथं आमचीच बोटं आखडायची. माझ्या खोलीची एक भिंत मात्र बाईजींच्या चुलीची पाठ होती. सकाळ-संध्याकाळ चूल पेटली की ती भिंत ऊबदार व्हायची. म्हणून खोकं माझ्याकडे आलं. अर्थात बाईजींना विचारूनच.

“सर्प?” त्या म्हणाल्या. “येऊ द्या. जखमी जीव आहे. पण एक गोष्ट, मास्तर. माझ्या उंबऱ्याच्या आत कुणी कुणाला खायचं नाही.”

मी ‘हो’ म्हटलं. त्या एका ‘हो’मध्ये काय काय आहे हे समजायला मला पुढचे दोन महिने लागले.

जखमेवर औषध लावत होतो, ती भरत होती. खाणं मात्र बंद. कॉलेजात नेऊन मी तिच्यापुढे बेडूक ठेवला. हलली नाही. उंदीर ठेवला, पण तो क्लोरोफॉर्मनं मारलेला. वास येताच तिनं तोंड फिरवलं. मग वास नसलेला मेलेला उंदीर चिमट्यात धरून हलवून पाहिला, जिवंत असल्यासारखा. तिनं जीभ बाहेर काढली, आत घेतली, डोकं वेटोळ्यात घातलं. मेलेलं हललं म्हणून जिवंत होत नाही हे तिला कळत होतं. शेवटी सरांनी आणि मी तिचं तोंड उघडून मांसाचा तुकडा आत सारला. संध्याकाळी तो खोक्यात बाहेर पडलेला होता.

शेजारणी वाटीत दूध आणून ठेवायच्या. दूध सापाचं अन्न नाही हे सांगून सांगून मी थकलो. एकीनं मला फटकारलं, “तुम्ही शिकलेले ना, म्हणून ती पीत नाही. तुमच्यासमोर लाजते.”

गावी गेलो की धरणगावच्या स्टेशनावरच आमच्या गावचा एकजण भेटायचा. मोठ्यानं ओरडायचा, “बी म्हणजे बीळ, एस म्हणजे साप, आन सी म्हणजे सिपाई! काय रे सिपाई, जेवली का तुझी साहेबीण?” सगळा फलाट हसायचा. मीही हसायचो. मग परतीच्या गाडीत बसलो की हसू यायचं नाही.

बाईजी रोज सामायिक, म्हणजे त्यांचं घडीभराचं ध्यान, झालं की खोक्याच्या जाळीपुढे येऊन बसायच्या. धामणीला त्या ‘अहो-जाहो’ करायच्या. “आज घेतलं का ह्यांनी काही?” मी नकारार्थी मान हलवायचो. “ह्यांचं तप माझ्यापेक्षा मोठं आहे,” एकदा म्हणाल्या. “माझं पारणं कधी ते मला ठाऊक आहे. ह्यांना ते पण ठाऊक नाही.” पारणं हा शब्द मी तोवर फक्त एकादशीच्या दुसऱ्या दिवशी ऐकलेला. आमच्याकडे उपास बहुधा न ठरवता व्हायचे, त्यांना पारण्याचं नाव कुणी दिलं नव्हतं. बाईजींच्या तोंडून ऐकल्यापासून तो शब्द माझ्या डोक्यात अडकून बसला. धामणीचं पारणं कधी?

आई मला भेटायला आली ती याच दिवसांत. बोळक्यात भरीत आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी. बाईजींच्या घरी जायचं म्हणून भरितात तिनं लसूण घातला नव्हता. तिला बिचारीला हे माहीत नव्हतं की बाईजींना वांगंच चालत नाही. आम्ही दोघं मागच्या मोकळ्या जागेत भिंतीला टेकून बसलो. दारातून खोकं दिसत होतं.

“हाई काय खास?” ही काय खाते, असं आईनं विचारलं.

“उंदीर खास, माय. पन आते काहीच खात नही.”

ती बराच वेळ खोक्याकडे बघत राहिली. “आम्ही तुले शिकाडं,” म्हणाली, “नि तू सापनं पोट भरस?” आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं. मग तिनं भाकरीचा तुकडा मोडला, तोंडाजवळ नेला आणि परत ठेवला. “उपाशी जीवना समोर घास उतरस नही, भाऊ.”

तेवढ्यात बाईजी आल्या. त्यांचा उपासाचा दिवस. आईनं त्यांना जेवायचा आग्रह केला. त्यांनी हात जोडले. आई हसली. तिचं ते हसणं अजून माझ्या कानात आहे. “वा! तुम्ही बी उपाशी, हाई बी उपाशी, नि मी एकलीच जेवू का?” बाईजींना अहिराणी सगळी कळली की नाही कोण जाणे, पण त्याही तोंडाला पदर लावून हसल्या. भरीत तसंच बांधून परत गेलं.

धामण वाळत चालली. पाठीचा कणा वर येऊन अंगाला तिकोनी धार आली. सरांनी एक दिवस हात लावून पाहिलं आणि म्हणाले, “आपण हिचं फार वाईट केलं आहे. रानात असती तर बिळात गार पडून झोपली असती. झोपेत भूक लागत नाही. इथं सकाळ-संध्याकाळ भिंत तापते, ही जागी होते, अंगातली चरबी जाळते. पण दिवसभर लागेल एवढी ऊब नाही, म्हणून खात नाही. ना धड झोप, ना धड जाग.”

“मग आता थंडीत सोडून देऊ?”

“या अंगानं? मरेल. आता एकच मार्ग. भरपूर ऊब आणि जिवंत उंदीर. पण लक्षात ठेव, गार पडलेल्या सापापुढे जिवंत उंदीर सोडायचा नसतो.”

“का?”

“कारण उंदरालाही भूक असते.”

म्हणजे जिथं ऊब होती तिथं मारायला मनाई होती, आणि जिथं मनाई नव्हती तिथं ऊब नव्हती. दोन्ही जागांच्या मध्ये मी सायकलवर खोकं बांधून हिंडत होतो.

उंदरांना मात्र तोटा नव्हता. बाईजींच्या दुकानात धान्याची पोती होती, त्यात उंदीर व्हायचेच. त्यासाठी तारेचा पिंजरा लावायचे. अडकलेला उंदीर सकाळी मेहरूण तलावाकडे नेऊन सोडायचा, हे काम मी आपण होऊन अंगावर घेतलं होतं. बाईजी पिंजऱ्यात भाकरीचा तुकडा टाकून द्यायच्या. “वाटेत भूक लागेल त्याला.” मी हँडलला पिंजरा अडकवून निघायचो. रस्ताभर तो आत बसून भाकरी कुरतडायचा आणि मागं माझ्या खोलीत ती उपाशी.

शेवटी मी बाईजींना विचारलं. सरांनी सांगितलेलं सगळं त्यांना सांगितलं. ऊब हवी, तीही दिवसभर, नाहीतर उलटं होईल, हेही सांगितलं. मग म्हटलं, “बाईजी, पिंजऱ्यातला एक उंदीर मी कॉलेजात नेला तर चालेल?”

त्या लाकूड आपटत होत्या. हात थांबला. “उंदीर माझा नाही, मास्तर. सर्प तुमचा नाही. मी देणारी कोण आणि तुम्ही मागणारे कोण?” त्या संध्याकाळी सामायिकाला बसलेल्या त्यांच्या हातातली माळ बराच वेळ एकाच मण्यावर थांबलेली मी पाहिली.

पुढं माघात आभाळ भरून आलं. पाऊस नाही, ऊन नाही, नुसता गार वारा. त्या सकाळी बाईजी पांढरं लुगडं नेसून माझ्या दारात उभ्या राहिल्या.

“मी आज स्थानकात महाराजसाहेबांच्या प्रवचनाला बसणार आहे. दिवस मावळायच्या आत येईन. मुलगा भुसावळला गेला, दुकान बंद आहे. घरात कुणी नाही.”

“बरं, बाईजी.”

“पिंजऱ्यात एक जीव आला आहे.”

मी उठून उभा राहिलो. त्यांनी उंदीर दिला, एवढं मला समजलं आणि माझे डोळे भरून आले.

“चूल पेटती आहे,” त्या म्हणाल्या.

“बरं.”

“लाकडं पण आत काढून ठेवली आहेत. भरपूर.”

“बरं, बाईजी.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “तुम्ही शिकलेली माणसं आहात,” आणि गेल्या.

मी स्वयंपाकघरात डोकावलो. चूल भडकून पेटली होती. शेजारी आपटून, झाडून ठेवलेली लाकडं. मला वाटलं, उपासानं बाईजींची आठवण कमी झाली. उघडा विस्तव ठेवून गेल्या! एखादा जीव पडला तर त्यांना किती वाईट वाटेल. एवढा मोठा उपकार केला त्यांनी, मी एवढंही करू नये? मी लाकडं ओढून घेतली, निखारे राखेत नीट दाबले, वर तवा पालथा घातला. अगदी त्या घालायच्या तसा. मग खोकं सायकलला बांधलं, पिंजरा हँडलला अडकवला, आणि वाऱ्यात कॉलेजकडे निघालो.

प्रयोगशाळेच्या खिडकीत ऊन येईल असा सरांचा हिशोब होता. ऊन नव्हतं. “विजेचा भरवसा नाही, पण आज बल्बच लावू,” सर म्हणाले. खोक्यावर बल्ब सोडला, वर पोतं पांघरलं. दुपारी धामणीनं मान उचलली. जीभ भराभर आतबाहेर होऊ लागली. इतक्या आठवड्यांत तिला असं मी पाहिलं नव्हतं. सरांनी माझा दंड धरला. “घेणार आज.” मी उंदीर आत सोडला. ती त्याच्याकडे वळली. आपण समोर असलो की ती बुजते म्हणून आम्ही पोतं पुरतं ओढलं आणि शेजारच्या खोलीत मुलांचं प्रात्यक्षिक घ्यायला गेलो.

प्रात्यक्षिकाच्या मध्येच दिवे गेले. मुलं ओरडली, हसली, खिडकीजवळ सरकली. मला बल्ब आठवला नाही. तासाभरानं आठवला तेव्हा मी धावलो.

पोतं काढलं. धामण गार पडून ताणलेल्या दोरीसारखी पसरली होती. उंदीर तिच्या पाठीवर बसला होता. भरून आलेली ती दाताळ्याची जखम त्यानं पुन्हा उघडली होती, आणि तो शांतपणे खात होता. आम्हाला पाहून तो कोपऱ्यात गेला आणि मिशा पुसू लागला. सर जमिनीवरच बसले. त्यांच्यासारखा माणूस, ज्यानं आयुष्यभर बेडूक-खेकडे कापले, तो तोंडावर हात घेऊन बसला.

दिवस मावळायच्या आत बाईजी परत आल्या. मी खोलीत खोक्याशी बसलो होतो. त्या आधी स्वयंपाकघरात गेल्या. तवा उचलल्याचा आवाज आला. मग दारात आल्या. धामणीकडे पाहिलं, पिंजऱ्याकडे पाहिलं.

“चूल तुम्ही विझवली?”

“हो, बाईजी. तुम्ही विसरला होतात. म्हटलं, त्यात काही जीव पडायला नको.”

त्यांचा हात चौकटीवर होता. तो तसाच राहिला.

“हो,” त्या म्हणाल्या. “विसरले होते.”

त्यांनी चूल पुन्हा पेटवली आणि उशिरापर्यंत पेटती ठेवली. भिंत तापली. धामण तिला चिकटून पडली, पण आता तिला उबेचा काही उपयोग नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. तो बाईजींचा जेवणाचा दिवस होता. त्या जेवल्या नाहीत.

“उंदराला बोल लावू नका,” मला म्हणाल्या. “त्याला भूक लागली होती. सोडून या.” सवयीनं पिंजऱ्यात भाकरीचा तुकडा टाकायला त्यांनी हात पुढे केला, आणि मागे घेतला. मग पुन्हा पुढे करून टाकला.

मेहरूणकडे एका बांधाशी मी खड्डा केला. धामण इतकी हलकी झाली होती की तिला आत ठेवताना हाताला वजन जाणवलं नाही. मग पिंजऱ्याचं दार उघडलं. उंदीर लगेच बाहेर येईना. भाकरीचा तुकडा संपवून, इकडेतिकडे पाहून, तो कपाशीत शिरला. इतके दिवस पारणं पारणं म्हणून ज्याची वाट पाहिली, ते झालं ते त्याचं.

वैशाखात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. गावोगाव झाडांना झोके बांधले गेले, लेकी माहेरी आल्या. बाईजींच्या घरी नातेवाईक जमले. तांब्यातून उसाचा रस त्यांच्या ओंजळीत घातला गेला, गाणी झाली. मी दाराशी उभा होतो. एक पाहुणी कौतुकानं म्हणाली, “बाईजींचं तप म्हणजे तप. वर्षभरात चूलसुद्धा कधी उघडी टाकली नाही.”

“एकदा टाकली होती,” बाईजी म्हणाल्या.

“विसरल्या असाल.”

“नाही. मुद्दाम.” त्यांनी ओंजळ पुसली. माझ्याकडे पाहिलं नाही. “महाराजसाहेबांसमोर त्याचं प्रायश्चित्तही घेतलं.”

पाहुण्या दुसऱ्या विषयावर गेल्या. मी मागच्या मोकळ्या जागेत जाऊन भिंतीला टेकून उभा राहिलो. भिंत उन्हानं तापली होती. चूल पेटती आहे. लाकडं भरपूर आहेत. घरात कुणी नाही. एका म्हातारीनं आयुष्यभर जपलेला उंबरा माझ्यासाठी एक दिवस मोकळा करून दिला होता, तोंडानं सांगता येत नव्हतं म्हणून विस्तवानं सांगितलं होतं. आणि मी, पदवीधर, तो सांगावा राखेत दाबून वर तवा पालथा घातला होता. पाप त्यांना लागलं. धामणीला ऊबही मिळाली नाही.

त्या वर्षअखेर माझी जागा संपली. पुढं धुळ्याला नोकरी लागली, इथंच घर केलं. बाईजी गेल्याचं मला फार उशिरा कळलं. त्यांच्याशी मी त्या दिवसाबद्दल कधीच बोललो नाही, त्याही बोलल्या नाहीत. काय बोलणार होतो? धामणीची आणि उंदराची, भूक दोघांचीही खरी होती, त्यात चूक शोधली तर सापडत नाही. चुलीतली मात्र सापडते, आणि ती सापडून कुणाचं काही भलं होत नाही.

परवा सोनगीरच्या त्या शेतात जेवणं आटोपली. ताटं धुतली गेली. काड्यांचा ढीग जळून खाली लालभडक निखारे उरले होते. अजून एक पंगत सहज झाली असती. माझा मुलगा विहिरीवरून बादली भरून आला.

“नाना, निघू या. पाणी ओततो याच्यावर.”

“थांब,” मी म्हटलं. “आधी सगळ्यांना विचार. कुणी मुद्दाम ठेवला असेल.”

“विस्तव? मुद्दाम कोण ठेवेल, नाना?” तो हसला आणि त्यानं बादली उपडी केली. चर्र करून पांढरी वाफ उठली. अंधारात राखेचा ओला वास पसरला. शेतमालक हात पुसत माझ्याजवळ आला, वाकून म्हणाला, “नाना, नीट जेवलात ना? पोट भरलं ना?”

मी म्हटलं, “भरलं.”